पिवळा धोत्रा: बोंड उकलण्याआधी रानातून कसा काढायचा आणि मोहरीत कसा ओळखायचा

दिवाळीनंतर मराठवाड्यात धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), कालव्याच्या भरावावर, पडीक रानात आणि गावालगतच्या उकिरड्यांवर एक काटेरी, निळसर हिरवं रोपटं जमिनीला चिकटून वाढताना दिसतं. संक्रांतीच्या सुमारास त्याला पिवळीधमक फुलं येतात. होळीपर्यंत बोंडं वाळून काळा दाणा सांडायला लागतो. हा पिवळा धोत्रा. शास्त्रीय नाव आर्जेमोने मेक्सिकाना. मूळचा मेक्सिकोचा असला तरी आता देशभर पसरलेला आहे.

ज्यांनी नुकतीच रब्बीची शेती हातात घेतली आहे, जे हरभऱ्यात किंवा गव्हात मोहरीचे दोन-चार तास (ओळी) टाकतात, आणि जे घरची गळीतधान्यं घाण्यावर नेऊन तेल काढून आणतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. या झाडाचा दाणा विषारी असतो. रूपाने आणि आकाराने तो मोहरीच्या इतका जवळ जातो की एकदा मोहरीत मिसळला की चाळणीने वेगळा करता येत नाही. म्हणून खाली दिलेलं सगळं काम एका तारखेभोवती फिरतं: बोंड उकलण्याचा दिवस. त्याच्या आधी केलेली एक फेरी ही नंतरच्या दहा फेऱ्यांपेक्षा मोलाची आहे.

१. आधी नावाचा घोळ मिटवा

‘धोत्रा’ म्हणताच महादेवाला वाहायचं पांढरं कर्ण्यासारखं फूल आठवतं. ते झाड वेगळं, त्याचं कूळ वांगी-मिरचीचं. बोंडावर काटे आहेत एवढ्या साम्यावरून याला पिवळा धोत्रा किंवा काटेधोत्रा म्हणू लागले. कुठे बिलायत, कुठे फिरंगी धोत्रा अशीही नावं ऐकू येतात. हिंदीत याला सत्यानाशी म्हणतात, आणि जडीबुटीच्या दुकानात हेच नाव जास्त चालतं.

कुळाने हा खसखशीचा भाऊबंद आहे. या कुळाच्या खुणा एकदा कळल्या की ओळख पक्की होते: तोडल्यावर येणारा चीक, चुरगळलेल्या कागदासारख्या नाजूक पाकळ्या, फूल उमलताना गळून पडणारं कळीचं आवरण, आणि एका बोंडात शेकड्यांनी दाणे. याच कुळातली सँग्विनेरिया नावाची रानफुलांची प्रजाती उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत, झाडांना पालवी फुटण्याच्या सुमारास उमलते. तिच्या मुळातून रक्तासारखा लाल रस येतो. पिवळ्या धोत्र्याच्या दाण्यातलं जे मुख्य विष आहे त्याचं सँग्विनारीन हे नाव त्या फुलावरूनच पडलं. एक जंगलातलं, एक आपल्या धुऱ्यावरचं, पण विषाचं घराणं एकच.

कुळाचा विषय निघाला आहे तर एक सावधगिरी सांगून ठेवतो. स्वयंपाकघरातली खसखस ‘फुलं छान येतात’ म्हणून परसात टाकू नका. अफूच्या झाडाची लागवड १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय गुन्हा आहे, आणि परवाने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच मिळतात. पिवळ्या धोत्र्यावर अशी बंदी नाही. तो उपटायला कोणाची परवानगी लागत नाही.

२. चार अवस्थांत ओळखायला शिका

फुलावर असताना कोणीही ओळखतो. खरी गरज असते ती फुलाच्या दोन महिने आधी ओळखण्याची.

कोंब: पहिली दोन पानं अरुंद, लांबट, गवताच्या तुकड्यासारखी असतात. त्यांच्यामागून येणारी पानं दातेरी आणि निळसर झाक असलेली. या वयात काटे मऊ असतात आणि बोटाला फारसे टोचत नाहीत.

बसकं रोप: पानं जमिनीलगत गोल पसरतात. इथे सर्वांत भरवशाची खूण दिसते. हिरव्या-निळसर पानावर शिरांच्या बाजूने पांढरे पट्टे उमटलेले असतात, जणू कोणी चुन्याने शिरा गिरवल्या आहेत. पानाच्या प्रत्येक दात्याच्या टोकाला काटा असतो. पानाला देठ नसतो, ते खोडालाच मिठी मारून बसतं.

कळी आणि फूल: झाड साधारण एक ते तीन-साडेतीन फूट वाढतं. कळीवर तीन काटेरी टोप्या असतात, त्या फूल उमलताना गळून पडतात. फूल दोन-अडीच इंच रुंद, बहुधा सहा पाकळ्यांचं, मधे भरपूर पुंकेसर. देशात काही ठिकाणी फिकट, दुधी पिवळ्या फुलांचा एक सख्खा भाऊही आढळतो. त्याच्याशीही याच पद्धतीने वागा.

बोंड: एक ते दोन इंच लांब, काटेरी, उभं. वाळल्यावर ते वरच्या टोकाकडून चार ते सहा फाकांनी उकलतं. पूर्ण फाटत नाही, फक्त वर खिडक्या पडतात. त्यामुळे झाड हललं की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा दाणा थोडा थोडा सांडतो. एका बोंडात तीनशे-चारशे दाणे असू शकतात. वीस बोंडांचं मध्यम झाड धरलं तरी सहा ते आठ हजार दाणे होतात.

आता फसवणारी झाडं. मराठवाड्यात पहिला गोंधळ करडईशी होतो, कारण दोन्ही एकाच हंगामात, एकाच रानात असतात आणि दोन्ही काटेरी. करडईचं कोवळं पान एकसारखं हिरवं असतं, शिरा पांढऱ्या नसतात. उंटकटारीचं पान खालून लोकरीसारखं पांढरं असतं आणि फुलं चेंडूसारखी निळसर-पांढरी. काटेरिंगणी जमिनीवर पसरते, तिचं फूल जांभळं आणि फळ गोल. पाथरीच्या पानाला चीक येतो, पण तो दुधासारखा पांढरा.

शंका राहिलीच तर एक पान खोडाजवळ मोडा. पिवळाजर्द चीक आला तर पिवळा धोत्रा. वरच्यापैकी कशालाही पिवळा चीक नाही. ही परीक्षा कोंबापासून बोंडापर्यंत चालते. हाताला चीक लागला तर लगेच धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

३. काय जवळ ठेवायचं

- धारदार खुरपं, आणि भारी जमिनीसाठी लहान कुदळ
- विळा (फक्त बोंडं धरलेल्या झाडांसाठी)
- चामडी हातमोजे. नसतील तर जाड गोणपाटाचे दोन पदर. कापडी मोज्यातून काटा आरपार जातो.
- खताच्या रिकाम्या गोण्या, एकात एक घातलेल्या
- पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट
- खुणेसाठी चुना किंवा खुंट्या
- दाणे तपासायला दहापट दाखवणारं भिंग, पांढरी ताटली आणि स्टीलचा चमचा

४. रानात कुठे पाहायचं

सगळं शिवार तुडवायची गरज नाही. हे झाड उघडी, खणलेली, उकरलेली जमीन शोधतं. दाट पिकाच्या सावलीत ते मार खातं. म्हणून आधी धुरे बघा, मग पाटाच्या कडा, विहिरीचा उकरलेला मुरूम, आखाड्याभोवतीची (शेतातल्या घराभोवतीची) जागा, गंजीचा बुड, बैलगाडी-ट्रॅक्टर वळवायची टोकं. हरभऱ्यात आणि करडईत जिथे नांगी पडली आहे, म्हणजे बी न उगवून जागा रिकामी राहिली आहे, तिथे हमखास सापडतं.

गाळ टाकलेलं रान वेगळं धरा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तळ्याचा गाळ शेतात आला असेल तर त्याबरोबर तळ्याकाठच्या तणांचं बीही आलेलं असतं. पिवळ्या धोत्र्याचा दाणा पाण्याबरोबर आणि चिखलाबरोबर लांब जातो. गोदावरी, मांजरा, पूर्णा यांच्या काठच्या मळईतही (गाळाच्या जमिनीतही) तेच. गाळ उत्तम असतो, तो आणू नका असं मुळीच म्हणणं नाही. पण गाळ टाकल्यानंतरचे निदान दोन रब्बी हंगाम त्या तुकड्याची फेरी चुकवू नका.

दुसरी वाट हार्वेस्टरची. दुसऱ्याच्या रानातून आलेलं यंत्र आपल्या रानात उतरण्याआधी त्याची दात्यांची पट्टी, चाळण्या आणि टाकी झाडून घ्यायला सांगा. पंधरा मिनिटांचं काम आहे. मागितलं नाही तर कोणी करत नाही.

५. पहिली फेरी: पेरणीआधी आणि कोळपणीला

उन्हाळ्यात सांडलेला दाणा लगेच उगवत नाही. तो काही महिने मातीत झोपून राहतो, आणि जमिनीत ओल असताना हवा गार झाली की उठतो. म्हणून आपल्याकडे त्याची मोठी उगवण ऑक्टोबर ते डिसेंबर अशी होते, म्हणजे बरोबर रब्बीच्या पिकाबरोबर.

पाण्याची सोय असेल तर हीच सवय त्याच्याविरुद्ध वापरता येते. पेरणीआधी रान भिजवा, वाफसा येऊ द्या, पंधरा दिवस थांबा. हिरवी लव दिसली की उथळ वखराची पाळी द्या आणि मग पेरा. पाळी दोन इंचांपेक्षा खोल नको, नाहीतर खालचं झोपलेलं बी वर येतं. कोरडवाहू रानात ओल उडून जाईल, तिथे हा उपाय करू नका.

पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पहिली आणि पाच आठवड्यांनी दुसरी कोळपणी होते. ओळींमधली रोपं यात मरतात. पण कोळपं तासातल्या रोपाला हात लावत नाही, आणि पिकाला चिकटून वाढलेला पिवळा धोत्रा तिथेच जगतो. नवख्या माणसाला दुसऱ्या कोळपणीनंतर रान स्वच्छ दिसतं आणि तो निर्धास्त होतो. त्याच दिवशी संध्याकाळी खुरपं घेऊन तासांमधून एक चक्कर मारा.

खुरपं कसं चालवायचं तेही महत्त्वाचं आहे. या झाडाला सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं. जमिनीच्या वर कापलं तर बुडातून चार फांद्या फुटतात आणि एकाच्या जागी चार बोंडं धरतात. खुरप्याचं टोक तिरकं घालून दोन-तीन इंच खाली मूळ तोडा. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माती मऊ पण चिकट नसताना, रोप अख्खं निघतं. काळी जमीन भेगाळल्यावर ओढलं तर हमखास तुटतं.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. हरभऱ्यात पेंडिमेथॅलिन पेरणीनंतर, उगवणीआधी आणि ओल असतानाच फवारलं जातं. मात्रा आणि वेळ डब्यावरच्या पत्रकाप्रमाणेच ठेवा. ज्वारी-गव्हात रुंद पानांच्या तणांवर २,४-डी वापरतात, पण ते रोप लहान असतानाच लागू पडतं. आणि कपाशी, तूर, हरभरा किंवा भाजीपाला जवळ असेल तर ते वाऱ्याने उडून त्या पिकांची पानं आक्रसतात. कपाशी जानेवारीपर्यंत उभी असलेल्या आपल्या भागात हा धोका मोठा आहे. एकरात वीस-पन्नास झाडं असतील तर खुरप्याइतकं स्वस्त आणि नेमकं दुसरं काही नाही. रान भरूनच गेलं असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पिकाचं नाव आणि वय सांगून सल्ला घ्या.

६. दुसरी फेरी: येळवशीपासून संक्रांतीपर्यंत

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाला, सगळं घर रानात असतं. फेरीसाठी याहून चांगला दिवस नाही. त्या सुमारास बसकी रोपं उठायला लागलेली असतात आणि पांढऱ्या शिरा लांबून दिसतात. जेवणानंतर चार माणसं धुऱ्याने निघाली तर तासाभरात सगळ्या कडा पाहून होतात. पोरांना ओळख करून द्या, पण उपटायला लावू नका. काटा बारीक असतो, तुटून आत राहतो, आणि चिकाचा हात डोळ्याला जातो.

या वयात झाड उपटून तिथेच मुळं वर करून उन्हात टाकलं तरी चालतं, कारण अजून बी नाही. कळी दिसत असेल तरीही चालतं. पण एकही हिरवं बोंड दिसलं तर पुढचा नियम लागू होतो.

दोन आठवड्यांनी, संक्रांतीच्या मागेपुढे, तीच चक्कर पुन्हा मारा. उगवण एकदम होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या फेरीत दिसलेली झाडं आणि दुसऱ्या फेरीत दिसणारी झाडं वेगळी असतात. एकाच फेरीवर समाधान मानणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे.

७. बोंड धरल्यावर: आधी गोणी, मग विळा

महाशिवरात्रीपर्यंत झाड राहिलंच तर घाईने उपटू नका. ओढताना बसणाऱ्या एका झटक्यात उकललेल्या बोंडांतला दाणा चारी बाजूंना पडतो, आणि तुम्ही रान साफ करत असताना पेरणीच केलेली असते.

क्रम असा ठेवा. सकाळी दव असताना जा, तेव्हा वाळलेली बोंडं थोडी ओलसर असतात आणि कमी सांडतात. दुहेरी गोणी उलटी करून झाडाच्या डोक्यावरून हळूच खाली आणा. सगळी बोंडं आत आली की गोणीचं तोंड बुडाशी एका हातात आवळा. मग दुसऱ्या हाताने विळ्याने बुड कापा, गोणी सरळ करा आणि झाड आत पडू द्या. राहिलेलं मूळ खुरप्याने दोन-तीन इंच खालून काढा. झाड फार पसरलं असेल तर दोन माणसं लागतात: एक गोणी धरणारा, एक कापणारा.

हिरव्या बोंडांची झाडंही रानात टाकू नका. भरलेलं हिरवं बोंड कापल्यावरही दाणा पिकवू शकतं.

आता गोणीचं काय करायचं? उकिरड्यावर टाकणं सर्वांत वाईट. आपला उकिरडा आतून सगळीकडे सारखा तापत नाही, कडेचा दाणा जिवंत राहतो आणि पुढच्या वर्षी शेणखताबरोबर सगळ्या रानात पोचतो. ओढ्यात किंवा पाटात टाकलं तर खालच्या गावाला जातं. धुऱ्यावर, जिथे नांगर जाणार नाही आणि विहीर लांब आहे अशा ठिकाणी अडीच-तीन फूट खड्डा घ्या, गोण्या आत रिकाम्या करा आणि वर निदान दोन फूट माती दाबून बसवा. इतक्या खोलीवरून हा बारीक दाणा वर येऊ शकत नाही. तो खड्डा पुन्हा उकरू नका.

जिथे बोंडांची झाडं सापडली तिथे खुंटी ठोका. दाणा काही वर्षं मातीत टिकतो. पुढच्या रब्बीत पहिलं पाणी दिल्यावर आधी त्या खुंट्यांकडे जा.

८. कापणी आणि खळं

करडई, हरभरा, जवस कापताना पिवळ्या धोत्र्याचं झाड हाताला लागलं तर ते पेंढीत बांधू नका, बाजूला काढा. मजूर लावले असतील तर कापणी सुरू होण्याआधी एक झाड दाखवून सांगा. एवढं सांगितलं की कोणीही मुद्दाम पेंढीत घालत नाही. न सांगितल्यामुळे घातलं जातं.

तरीही काही मिसळलंच तर पिकाप्रमाणे वेगळं वागावं लागतं. पिवळ्या धोत्र्याचा दाणा जवळपास गोल, दीड ते दोन मिलिमीटरचा. करडईचं बी आणि हरभरा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे, म्हणून तीन मिलिमीटर छिद्राच्या चाळणीवर ते वर राहतात आणि काळा दाणा खाली पडतो. गव्हाचंही साधारण तसंच, फक्त बारीक आणि फुटका गहू खाली जातो. जवस चपटा आणि लांबट आहे. तो आडवा पडला तर चाळणीवर राहतो, उभा झाला तर छिद्रातून जातो, म्हणून बारीक छिद्रांची चाळणी घेऊन दोनदा चाळा. चाळणीखालचा माल कोंबड्यांना टाकू नका. हे दाणे त्यांनाही विषारी आहेत. तोही खड्ड्यात.

मोहरीत मात्र चाळणी हरते. दोघांची जाडी जवळपास सारखी. उफणणीनेही भरवशाचं वेगळं होत नाही. म्हणून मोहरीचे तास ज्या रानात आहेत तिथे सहाव्या पायरीवरची फेरी टाळायचीच नाही, आणि कापणीच्या दिवशी मोहरीच्या दोन्ही बाजूंना चार हात जागा आधी स्वच्छ करून मगच विळा लावायचा.

९. मोहरी तपासणं

घरची असो की मोंढ्यातून (धान्यबाजारातून) आणलेली, तेलासाठी जाणारी मोहरी तपासल्याशिवाय घाण्यावर नेऊ नका.

नमुना नीट घ्या. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ काढा, एकत्र करा, पसरा, चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन भाग ठेवा. पुन्हा तसंच. शेवटी उरेल त्यातला एक चहाचा चमचा पांढऱ्या ताटलीत एका थरात पसरा. असे निदान पाच चमचे बघा. पोत्याच्या तोंडावरची एक चिमूट बघून ‘साफ आहे’ म्हणणं म्हणजे काहीच न बघणं, कारण मिसळलेला दाणा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो.

काय बघायचं:

रंग. पिवळ्या मोहरीत काळा दाणा लगेच उठून दिसतो. काळ्या-तपकिरी राईत नाही.

पृष्ठभाग. साध्या डोळ्यांनी मोहरी गुळगुळीत, पिवळ्या धोत्र्याचा दाणा खरबरीत. भिंगाखाली एक फसगत होते: राईवरही बारीक जाळी दिसते आणि नवखा माणूस घाबरून चांगली राई बाजूला काढतो. फरक जाडीचा आहे. पिवळ्या धोत्र्यावरची जाळी ठसठशीत असते, खळग्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात. शिवाय मोहरी पूर्ण गोल असते, हा दाणा एका बाजूला किंचित टोकदार असतो.

आतला गर. हा शेवटचा आणि सर्वांत सोपा निकाल. संशयित दाणा पांढऱ्या कागदावर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा. आतून पिवळा निघाला तर मोहरी, पांढरा निघाला तर पिवळा धोत्रा. शेजारी खात्रीची मोहरी दाबून ठेवा म्हणजे रंग ताडून बघता येतो.

पाच चमच्यांत एक जरी पांढऱ्या गराचा दाणा निघाला तरी ते पोतं तेलासाठी वापरू नका. वेचून वापरू असा मोह होतो. पण किलोभर मोहरीत दाण्यांची संख्या लाखांच्या घरात असते, आणि माणसाची नजर तासाभरात थकते. ‘फोडणीत जळून जाईल’ हाही खोटा दिलासा आहे. नेहमीच्या फोडणीने हे विष जात नाही.

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी तर हा माल अजिबात ठेवू नका.

१०. तेलाचीच शंका आली तर

प्रयोगशाळेत तेलात तीव्र नायट्रिक आम्ल घालून रंग बघतात. भेसळ असेल तर आम्लाचा थर नारिंगी ते लालसर होतो. ही परीक्षा घरी करू नका. ते आम्ल कातडी आणि डोळे जाळतं. शिवाय तिला फार थोडी भेसळ कळत नाही, म्हणजे रंग आला नाही तरी तेल निर्धोक ठरत नाही. फेरिक क्लोराइडची परीक्षा तिच्यापेक्षा बारीक, आणि वर्णलेखनाची (क्रोमॅटोग्राफीची) त्याहून बारीक.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एक आहे: विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की हे तपासायला देणार आहे. अहवालात कायद्याचा भंग दिसला तर शुल्क परत मिळतं. चौकशी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करा. जाताना हे बरोबर असू द्या:

- खरेदीचं बिल. सुट्या मालाचंही बिल मागून घ्या.
- न फोडलेलं पाकीट किंवा बाटली. फोडलेलं असेल तर वेष्टनासकट.
- वेष्टनावरचा बॅच क्रमांक, तारीख आणि परवाना क्रमांक दिसणारा फोटो
- घाण्यावरून काढलेलं तेल असेल तर त्याच मोहरीचा राहिलेला नमुना, कोरड्या काचेच्या बाटलीत
- घरात कोणाला त्रास झाला असेल तर दवाखान्याचे कागद

११. ही लक्षणं दिसली तर थांबू नका

या तेलाने होणाऱ्या आजाराला इंग्रजी वैद्यकात साथीची जलोदरसूज अशा अर्थाचं नाव आहे, पण हा संसर्ग नाही. एकाच घरातले, एकाच डब्यातलं तेल खाणारे अनेकजण आजारी पडतात म्हणून तो साथीसारखा दिसतो. भारतात त्याची पहिली नोंद १८७७ मध्ये कोलकात्याची. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने साठहून अधिक माणसं गेली.

दोन्ही पायांवर सूज, बोटाने दाबल्यावर पडणारा खळगा, पायांची लाली आणि आग, जुलाब, चालताना लागणारी धाप. काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून नजर अधू होते. एकाच घरात दोघा-तिघांचे पाय एकदम सुजले तर मीठ जास्त झालं, चालणं जास्त झालं असं समजू नका. त्या क्षणी ते तेल बंद करा, पण ओतून देऊ नका. बाटली बाजूला ठेवा, माणसांना सरकारी किंवा मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना तेल कोणतं, कधीपासून आणि घरात कोणाकोणाला त्रास आहे हे स्वतःहून सांगा. या विषावर खास उतारा नाही. तेल बंद करणं आणि हृदय-फुप्फुसांची वेळेवर काळजी घेणं हाच उपचार, म्हणून एकेक दिवस मोलाचा असतो.

१२. औषध म्हणून वापरायच्या आधी

पिवळा चीक डोळ्यांत घातला की डोळे साफ होतात, बियांचं तेल खरजेवर लावावं, मुळाचा काढा घ्यावा, असं खेड्यापाड्यांत अजून सांगितलं जातं. चीक डोळ्यांत कधीही घालू नका. तेल अंगाला चोळणंही टाळा, कारण हे विष कातडीतूनही शरीरात जातं आणि नुसत्या मालिशीनेही माणसं आजारी पडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तान्ह्या बाळाला आणि बाळंतिणीला चोळायचं तेल मोहरीचं असेल तर नववी पायरी त्या तेलाच्या मोहरीलाही लावा.

जनावरं हिरवं झाड काट्यांमुळे सहसा तोंडात घेत नाहीत. पण कुट्टी यंत्रातून गेलेल्या कडब्यात काटे उरत नाहीत आणि ती निवड त्यांच्या हातात राहत नाही. कुट्टीला घालण्याआधी पेंढी उलगडून बघा.